जिनसेंगने दम वाढतो का?

वाचक विचारतात : खेळ आणि आहार

जिनसेंग, अश्वगंधा, मुसळी, गोखरू, कीडाजडी (हिमालयातली एक बुरशी) यांचा मैदानावर खरोखर उपयोग होतो का, अशी विचारणा करणारी बरीच पत्रे आली. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून या वेळी उत्तरे दिली आहेत.

पोलीस भरतीची तयारी करतो आहे. १६०० मीटरला ५ मिनिटे ४० सेकंद लागतात. शेवटच्या फेरीत पाय भरून येतात. अकादमीतली मुले कोरियन जिनसेंगच्या कॅप्सूल घेतात आणि दम वाढला म्हणतात. डबी बाराशे रुपयांची आहे. घेऊ का? किती दिवस घ्यावी लागेल?
— वाचक, वाई

ते बाराशे रुपये वाचवा. जिनसेंग घेतल्याने धावण्याची वेळ कमी होते, असे नीट केलेल्या चाचण्यांत दिसलेले नाही.

‘नीट केलेल्या’ म्हणजे काय, ते सांगायला हवे. जिनसेंगची कीर्ती ज्या जुन्या प्रयोगांवर उभी आहे, त्यांतल्या अनेकांत तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. काहींत खरी कॅप्सूल कोणाला आणि नुसत्या पिठाची कोणाला, हे धावणाऱ्यालाही ठाऊक होते आणि घड्याळ धरणाऱ्यालाही. भारी गोळी पोटात गेली आहे हे माहीत असलेला मुलगा शेवटच्या फेरीत दातओठ खाऊन पळतो. शिवाय दोन महिने रोज सराव केला की वेळ तशीही सुधारते. श्रेय मात्र डबीला मिळते. अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३६ निरोगी पुरुषांचे गट केले. काहींना रोज २०० मि.ग्रॅ. जिनसेंग अर्क, काहींना ४०० मि.ग्रॅ. आणि काहींना दिसायला तशीच पण रिकामी कॅप्सूल, असे ८ आठवडे चालले. कोणाला काय मिळते आहे हे कोणालाच माहीत नव्हते. शेवटी जोर लावून सायकल मारायला लावली, तेव्हा ऑक्सिजनचा वापर, हृदयाचे ठोके आणि रक्तातले लॅक्टेट यांत गटागटांत फरक नव्हता. पुढे त्याच धाटणीच्या, थोड्या वेळाच्या जोरकस व्यायामावर केलेल्या चाचणीतही ४०० मि.ग्रॅ. घेऊन ८ आठवड्यांत ना ताकद वाढली, ना दम लवकर परत आला.

आता डबी हातात घ्या आणि मागची बाजू वाचा. जिनसेंग नावाने तीन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. पॅनॅक्स जिनसेंग म्हणजे कोरियन किंवा चिनी. पॅनॅक्स क्विंक्वेफोलियस म्हणजे अमेरिकन. तिसरी ‘सायबेरियन जिनसेंग’ ही खरी जिनसेंगच नव्हे. ती एल्युथेरोकोकस नावाची वेगळीच वनस्पती. पहिल्या दोघींतले मुख्य घटक म्हणजे जिनसेनोसाइड्स, ते तिच्यात नसतात. सोव्हिएत संशोधकांनी तिचा मोठा गाजावाजा केला आणि ‘ॲडॅप्टोजेन’ (शरीराला ताण सोसायला मदत करणारा पदार्थ) हा शब्दही १९४७ मध्ये तिकडूनच आला. पण १९९६ मध्ये कसलेल्या २० लांब पल्ल्याच्या धावपटूंवर ६ आठवडे चाचणी घेतली, तेव्हा तिचाही काही उपयोग दिसला नाही.

मग मात्रा पाहा. चाचण्यांत बहुधा वापरतात तो अर्क ४ टक्के जिनसेनोसाइड्सचा, दिवसाला २०० मि.ग्रॅ. म्हणजे ८ मि.ग्रॅ. जिनसेनोसाइड्स पोटात जातात. आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ‘जिनसेंगयुक्त’ मल्टिव्हिटॅमिन कॅप्सूलमध्ये अर्क पुष्कळदा ४०–४५ मि.ग्रॅ. एवढाच असतो, आणि तो किती टक्क्यांचा ते लिहिलेलेच नसते. चार टक्के धरले तरी पावणेदोन मि.ग्रॅ.च्या आसपास. ज्या मात्रेने काही झाले नाही, तिच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याने काय व्हायचे?

मित्रांना बरे वाटते, ते खोटे बोलत नाहीत. जिनसेंगने काहींना तरतरी वाटते. कर्करोगाच्या रुग्णांवरच्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत रोज २००० मि.ग्रॅ. अमेरिकन जिनसेंग ८ आठवडे दिल्यावर आजाराचा थकवा थोडा कमी झाल्याचे दिसले होते. पण आजाराचा थकवा वेगळा आणि चौथ्या फेरीत भरून येणारे पाय वेगळे. शिवाय काहींची झोप उडते, डोके दुखते, पोट बिघडते. भरतीच्या आदल्या रात्री झोप गेली तर त्याची किंमत बाराशे रुपयांहून जास्त आहे.

तुमचे पाय का भरून येतात? ५:४० म्हणजे फेरीला ८५ सेकंद. मित्राला प्रत्येक फेरीची वेळ लिहून घ्यायला सांगा. पहिली फेरी ७६–७८ मध्ये आणि शेवटची ९२–९४ मध्ये, असे बहुधा दिसेल. दोष दमाचा कमी आणि पहिल्या दोनशे मीटरचा जास्त. आठवड्यातून एकदा ४०० मीटरच्या ६ फेऱ्या, प्रत्येक ८२ सेकंदांत, मध्ये ९० सेकंद चालणे. एकदा २० मिनिटे सलग, तुटक तुटक बोलता येईल अशा वेगाने. एकदा ४५ मिनिटे सावकाश, गप्पा मारता येतील इतके. बाकीचे दिवस हलका व्यायाम, त्यातला एक पूर्ण विश्रांतीचा. सहा फेऱ्यांतली शेवटची पहिलीइतकीच वेळ देऊ लागली की वेग ८१ वर न्या. दर पंधरा दिवसांनी एकदाच पूर्ण १६०० मीटर मोजा. त्याच मैदानावर, त्याच वेळी. मधले ३–६ सेकंद इकडेतिकडे झाले तर त्यात काही अर्थ शोधू नका, तेवढा चढउतार रोजचाच असतो. ‘कॅप्सूलने चार सेकंद कमी झाले’ हे वाक्य बहुतेक वेळा त्या चढउतारातूनच येते.

तालमीतल्या पोरांना रात्री दुधातून अश्वगंधा चूर्ण देण्याची पद्धत आहे. हल्ली कॅप्सूलवाले येऊन सांगतात की चूर्णाने काही होत नाही, अर्कच हवा. खरे काय? आणि हे जिनसेंगसारखेच पोकळ आहे का?
— वाचक, कोल्हापूर

पोकळ नाही. खेळाडूंवर तपासलेल्या वनौषधींत अश्वगंधेची बाजू जिनसेंगपेक्षा बरी आहे. पण कॅप्सूलवाले सांगतात तेवढी भक्कमही नाही.

अमृतसरला ४० उत्तम भारतीय सायकलपटूंवर केलेल्या चाचणीत ५०० मि.ग्रॅ. अश्वगंधा दिवसातून दोनदा, ८ आठवडे दिली. घेणाऱ्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता वाढली. २०१५ च्या दुसऱ्या भारतीय चाचणीत वजनाच्या व्यायामाचा फारसा अनुभव नसलेल्या ५७ पुरुषांना मुळांचा अर्क ३०० मि.ग्रॅ. दोनदा, ८ आठवडे दिला आणि सोबत व्यायाम करवला. बेंच प्रेसवर अर्क घेणारे सरासरी ४६ किलोंनी पुढे गेले, रिकामी कॅप्सूल घेणारे २६ किलोंनी.

हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचा. वीस किलोंचा फरक आहे, हे एक. पण औषधाचा कणही न घेता नुसत्या व्यायामाने २६ किलो वाढले, हे दुसरे, आणि वस्तादांच्या दृष्टीने तेच मोठे. शिवाय आठ आठवड्यांत ४६ किलो ही वाढ नवख्यांची. पाच-सहा वर्षे रोज हजार बैठका मारणाऱ्या पैलवानाला ती मिळेल असे धरून चालू नका. अशा चाचण्या लहान असतात, आणि अर्क बनवणाऱ्यांचा पैसा त्यांत असतो, हेही ध्यानात घ्या.

चूर्ण की अर्क, यात गल्लत होते ती ग्रॅमची. मुळांच्या चूर्णाची परंपरागत मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम. म्हणजे चहाच्या सपाट चमच्याने एक ते दोन. अर्काची ६०० मि.ग्रॅ. कारण तो आटवलेला असतो. चूर्णाचा अर्धा ग्रॅम चिमटीने घालून ‘घेतो आहे’ म्हणणे फुकट, आणि अर्क चमच्याने मोजणे धोक्याचे. चाचण्या अर्काच्या आहेत, म्हणून त्यांचे आकडे चूर्णाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. चूर्ण निरुपयोगी आहे, असाही त्याचा अर्थ होत नाही.

काय बिघडते? तीन गोष्टी. पहिली, मुळांऐवजी पाने. पाने स्वस्त पडतात, त्यांतही विथानोलाइड्स, म्हणजे अश्वगंधेतले मुख्य घटक, असतात, म्हणून टक्केवारी फुगवायला ती मिसळतात. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना पाने वापरू नका असे कळवले आहे. डबीवर ‘फक्त मूळ’ असे स्पष्ट हवे. दुसरी, यकृत. अश्वगंधेमुळे काविळीच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. बहुतेक सुरू केल्यापासून २ ते १२ आठवड्यांत. अंगाला न थांबणारी खाज, गडद लघवी, डोळे पिवळे. यांतले एक दिसले तरी त्याच दिवशी बंद करा आणि रक्त तपासा. ‘उष्णता झाली’ म्हणून ताक पाजत बसू नका. डेन्मार्कने तर २०२३ मध्ये ती विकायलाच बंदी घातली. तिसरी, थायरॉइड. अश्वगंधा थायरॉइडचे संप्रेरक वाढवू शकते. थायरॉइडची गोळी चालू असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि गरोदरपणी तर अजिबात नाही.

द्यायचीच असेल तर पूर्ण वाढ झालेल्या, यकृत ठणठणीत असलेल्या पैलवानाला ८ आठवडे द्या, मग थांबवा. सुरू करण्याआधी आणि महिन्याने यकृताची तपासणी करून घ्या. पोरवयाच्या मुलांना नको. त्यांच्या दुधात बदाम असले तरी पुरे.

मुलगी १७ वर्षांची, ४०० मीटर धावते. राज्यातून राष्ट्रीय कनिष्ठ स्पर्धेसाठी निवड झाली आहे. प्रशिक्षकांनी ‘१०० टक्के हर्बल’ म्हणून एक पावडर दिली आहे, डब्यावर फार काही लिहिलेले नाही. जडीबुटीच असेल तर डोपिंगची भीती नाही ना?
— एक आई, नांदेड

भीती आहे. ती पावडर आजच थांबवा आणि डबा फेकू नका.

४०० मीटर धावणाऱ्या मुलीच्या आईने एक प्रकरण माहीत करून घ्यावेच. २०११ मध्ये भारताच्या ४०० मीटर गटातल्या सहा महिला धावपटू स्टेरॉइडच्या चाचणीत सापडल्या. त्यांपैकी तिघी आदल्या वर्षी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रिलेचे सुवर्ण जिंकलेल्या होत्या. त्यांचे म्हणणे असे की त्यांनी स्टेरॉइड घेतलेच नाही. परदेशी प्रशिक्षकाने चीनहून आणलेले जिनसेंग घेतले, त्यात ते मिसळलेले होते. त्या प्रशिक्षकाला काढून टाकले. आपल्याकडच्या शिस्तपालन समितीने मुलींना एका वर्षाची बंदी घातली. आंतरराष्ट्रीय महासंघ अपिलात गेला आणि जुलै २०१२ मध्ये क्रीडा लवाद न्यायालयाने ती दोन वर्षांची केली. लंडन ऑलिंपिक गेले. प्रशिक्षकाने दिले, विश्वासाने घेतले, ही सबब पुरी पडली नाही. अंगात जे सापडेल त्याला खेळाडू जबाबदार, हा नियम सतरा वर्षांच्या मुलीलाही लागू आहे. वयाचा विचार होतो तो शिक्षा ठरवताना.

जिनसेंगच्या डबीत दुसरेच काही निघण्याचा प्रकार त्याआधीही घडला होता. एक स्वीडिश खेळाडू चाचणीत सापडल्यावर तिथल्या संशोधकांनी ११ देशांतली ५० जिनसेंग उत्पादने तपासली, १९९४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सहांमध्ये जिनसेनोसाइड्सचा पत्ता नव्हता आणि त्यांतल्या एकात भरपूर एफेड्रिन होते. पुढे कोलोनच्या प्रयोगशाळेने १३ देशांतली ६३४ पूरके तपासली. ज्यांच्या लेबलवर हार्मोनचा उल्लेखही नव्हता अशा ९४ उत्पादनांत, म्हणजे जवळजवळ दर सातांत एकात, स्टेरॉइड निघाले. काही ठिकाणी ते मुद्दाम घातलेले असते, कारण गिऱ्हाइकाला गुण आला पाहिजे. काही ठिकाणी आधीच्या मालाचे यंत्र न धुता दुसरा माल भरल्याने येते. चाचणीची यंत्रे इतकी सूक्ष्म की तेवढेही पकडतात.

आणि दुसरा भाग, ज्याबद्दल आपल्याकडे फारच कमी बोलले जाते : भेसळ नसली तरी काही वनस्पतींतच बंदी असलेले द्रव्य असते. एफेड्रा, म्हणजे माहुआंग, यात एफेड्रिन. वत्सनाभ, म्हणजे बचनाग, यात हायजेनामीन, जे जागतिक यादीत २०१७ पासून नावानिशी आहे आणि स्पर्धेत असो वा नसो, कायम बंद. काजरा, म्हणजे कुचला, यात स्ट्रिक्नीन. विषतिंदुक वटी आणि अग्नितुंडी वटी यांत कुचला असतो, आणि स्ट्रिक्नीन स्पर्धेच्या काळात बंद आहे. पोट बिघडले म्हणून कुणी घरची गोळी दिली तरी मुलगी अडचणीत येऊ शकते. होळीच्या थंडाईतल्या भांगेचेही तेच. लेबलवर ‘जिरेनियम अर्क’ दिसला तर हात लावू नका, त्या नावाखाली मिथाइलहेक्झानअमाइन हे बंदी असलेले उत्तेजक खपवले गेले आहे.

घरी करायच्या गोष्टी:

डब्याचे चारी बाजूंनी फोटो घ्या : बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, उत्पादकाचा पत्ता. बिल असेल तर जोडा. नसेल तर प्रशिक्षकांना मेसेज करून विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहील. उरलेली पावडर त्याच डब्यात बंद ठेवा. उद्या काही झाले तर कुठून आले हे दाखवायला हाच एक पुरावा असतो, आणि बहुतेक खेळाडूंकडे नेमका तोच नसतो.

‘एफएसएसएआय’चा १४ अंकी क्रमांक किंवा आयुषचा परवाना असला म्हणजे डोपिंगसाठी तपासले, असे नाही. ते परवाने उत्पादनाचे आहेत. खेळाडूंसाठी बॅचनिहाय तपासणी करणाऱ्या खुणा वेगळ्या : ‘इन्फॉर्म्ड स्पोर्ट’ आणि ‘एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट’. खूण असली तरी त्यांच्या संकेतस्थळावर तुमच्या डब्याचा बॅच क्रमांक टाकून बघा, कारण खूण छापणे सोपे आहे. त्यानेही धोका शून्य होत नाही, कमी होतो. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ असे लिहून घटकांचे वजन लपवलेले असेल तर पुढे वाचायचेही कारण नाही.

चाचणीला बोलावले तर अर्जावर गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधे आणि पूरके लिहायला जागा असते. सगळे लिहायला सांगा, काढाही, चूर्णही. मुली घाबरून रकाना कोरा सोडतात आणि नंतर ‘मी पूरक घेतले होते’ हे पटवणे जड जाते. आजारपणाच्या औषधांसाठी नाडाची (राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेची) औषध-शोध सुविधा आहे. तिच्यात गोळी शोधता येते, पावडर नाही.

प्रशिक्षकांशी भांडण होईल अशी धास्ती वाटणे साहजिक आहे. एवढेच म्हणा : ‘सर, बॅच तपासलेली असेल तर चालेल, नाहीतर नको.’ मुलीच्या भल्याचा विचार करणाऱ्या प्रशिक्षकाला या वाक्याचा राग येण्याचे कारण नाही.

मी शिकागोला राहते. इथे विस्कॉन्सिनचे अमेरिकन जिनसेंग चांगले मिळते. नाशिकला बाबांना पाठवायचे आहे. ते ६३ वर्षांचे, हाफ मॅरेथॉन पळतात. साखरेची गोळी चालू आहे आणि हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशननंतर वॉरफरिन घेतात.
— वाचक, शिकागो

पाठवू नका. माल उत्तम असेल, त्याबद्दल शंका नाही. विस्कॉन्सिनमधला जिनसेंगच्या शेतीसाठी नावाजलेला जिल्हा तर ‘मॅरेथॉन काउंटी’ याच नावाचा आहे. पण तुमच्या बाबांसाठी ही भेट चुकीची.

वॉरफरिन रक्तात गुठळी होऊ देत नाही; अमेरिकन जिनसेंग तिचा परिणाम कमी करते. २० निरोगी लोकांवरच्या चाचणीत दोन आठवडे ते घेतल्यावर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचे माप) खाली आला. कृत्रिम झडप असलेल्या माणसाचा आयएनआर खाली येणे म्हणजे झडपेवर रक्ताची गुठळी धरण्याची शक्यता. दुसरे, हेच जिनसेंग जेवणानंतरची साखर कमी करते. तीन ग्रॅमच्या मात्रेने हे दिसले आहे. ऐकायला चांगले वाटते, पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी, वर जिनसेंग आणि पहाटे पोटात काही नसताना १५ किलोमीटर, अशी तिहेरी जुळणी झाली तर गंगापूर रोडवर चक्कर यायला वेळ लागणार नाही.

ते आधीच घेत असतील तर एकदम बंद करून गप्प बसू नका. वॉरफरिनची मात्रा जिनसेंग धरून ठरलेली असू शकते. डॉक्टरांना सांगून बंद करावे आणि आठवडाभरात आयएनआर पुन्हा तपासावा. ऑपरेशन ठरलेले कोणीही असो, जिनसेंग किमान ७ दिवस आधी थांबवायचे असते. बाबांना पाठवायचेच असेल तर चांगले बूट पाठवा.

जिममध्ये सफेद मुसळी, गोखरू आणि शिलाजित यांचे मिश्रण ‘टेस्टोस्टेरॉन बूस्टर’ म्हणून विकतात. तिन्हींविषयी थोडक्यात सांगा.
— वाचक, अकोला

गोखरू, म्हणजे रानातला सराटा. ऑस्ट्रेलियातल्या २२ रग्बी खेळाडूंना ५ आठवडे रोज ४५० मि.ग्रॅ. अर्क दिला. ना ताकद जास्त वाढली, ना टेस्टोस्टेरॉनच्या मोजमापात फरक पडला. निरोगी तरुणात गोखरू हे हार्मोन वाढवते, हा दावा सोडून द्यावा.

सफेद मुसळी आपल्या मातीतली. तिच्या शास्त्रीय नावातले ‘बोरिविलिएनम’ हे मुंबईच्या बोरिवलीवरून आले आहे. बलवर्धक म्हणून मान मोठा, पण खेळाडूंवरच्या चांगल्या चाचण्या जवळजवळ नाहीत. उंदरांवरचे निष्कर्ष जिममध्ये चालत नाहीत.

शिलाजित ही वनस्पती नव्हे, खडकातून पाझरणारा राळेसारखा पदार्थ. ६३ पुरुषांवरच्या एका चाचणीत शुद्ध केलेल्या शिलाजिताच्या ५०० मि.ग्रॅ. मात्रेने ८ आठवड्यांनंतर दमवणाऱ्या व्यायामातली ताकदीची घसरण थोडी कमी झाली. २५० मि.ग्रॅ.ने तसे झाले नाही. एकाच चाचणीवर फार विसंबू नये. कच्च्या शिलाजितात शिसे, आर्सेनिकसारखे जड धातू असू शकतात, म्हणून रस्त्याकडेच्या तंबूतला काळा गोळा कधीच नको.

तिन्ही एकत्र कुटून वर ‘बूस्टर’ लिहिले की कोणत्याचीच मात्रा कळत नाही. आणि खरोखरच पंधरा दिवसांत दंड फुगले, चेहऱ्यावर मुरुमे आली, छातीची बोंडे दुखू लागली, तर तो मुसळीचा गुण समजू नका. त्यात स्टेरॉइड असण्याची शक्यता धरा आणि डॉक्टरांकडे जा.

कीडाजडीने चिनी धावपटूंनी विक्रम केले असे वाचले. ट्रेल रनिंगसाठी उपयोग होईल का?
— वाचक, पुणे

१९९३ मध्ये चीनच्या महिला धावपटूंनी विक्रमांचा धडाका लावला. बीजिंगला १०,००० मीटर २९ मिनिटे ३१.७८ सेकंदांत धावले गेले. त्यांच्या प्रशिक्षकाने श्रेय दिले कीडाजडीला आणि कासवाच्या रक्ताला, आणि तेव्हापासून कीडाजडीचा भाव चढला. ही गोष्ट सांगणारे पुढचा भाग सांगत नाहीत : २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकच्या तोंडावर रक्तचाचण्यांनंतर त्याच प्रशिक्षकाच्या अनेक धावपटूंना चीननेच संघातून वगळले.

सरावातल्या २२ सायकलपटूंना ५ आठवडे रोज सुमारे ३ ग्रॅम कीडाजडीचे उत्पादन दिले, तेव्हा काहीच फरक आढळला नाही. उत्तराखंडच्या बुग्याळांतून, म्हणजे उंचावरच्या कुरणांतून, खणून आणलेली ही बुरशी सोन्याच्या भावाने विकली जाते. सिंहगड चढायला ती नको. आठवड्यातून एकदा सिंहगडच चढा-उतरा.

मग काहीच घेऊ नये का? ज्याचा उपयोग सिद्ध झाला आहे असे काही आहे का? मी ७० किलो, सायकलिंग आणि धावणे दोन्ही करतो.
— वाचक, मडगाव

आहे, आणि ते बरेचसे स्वयंपाकघरात आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१८ मध्ये पूरकांचा आढावा घेतला. कामगिरीसाठी चांगला पुरावा असलेली नावे त्यांत मोजकी : कॅफीन, क्रिएटिन, नायट्रेट, बीटा-ॲलनिन आणि खाण्याचा सोडा. एकही जडीबुटी त्यांत नाही.

कॅफीन : किलोमागे ३ मि.ग्रॅ. म्हणजे तुम्हाला २१० मि.ग्रॅ., शर्यतीआधी तासभर. चांगल्या फिल्टर कॉफीच्या कपात ८०–१०० मि.ग्रॅ. असते, इन्स्टंटच्या सपाट चमच्यात ५०–६०. म्हणजे दोन-अडीच कप फिल्टर. किलोमागे ६ मि.ग्रॅ.च्या वर गेलात तर फायदा वाढत नाही, हात मात्र थरथरतात आणि पोट ढवळते. संध्याकाळच्या सरावाआधी नको, झोप जाते.

क्रिएटिन : रोज ३–५ ग्रॅम, साधे मोनोहायड्रेट. उपयोग थोड्या वेळाच्या जोरकस कामाला, चढावरच्या धडकेला. शाकाहारी माणसाच्या स्नायूंत ते मुळात कमी असते, म्हणून त्याला फरक जास्त जाणवतो. वजन किलोभर वाढू शकते, ते पाण्याचे. लांब पल्ल्याच्या धावण्यात हाच किलो आडवा येतो. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर घेऊ नका. हे डब्यातलेच असल्याने बॅचचा नियम इथेही लागू.

गोव्याच्या दमट हवेत घामाकडे दुर्लक्ष करून या सगळ्याचा काही उपयोग नाही. तासाच्या वर चालणाऱ्या सरावात लिटरभर पाण्यात पाव चहाचा चमचा मीठ, सात-आठ चमचे साखर आणि लिंबू. वर दर तासाला एक-दोन केळी किंवा चिक्की.

बीट : यातले नायट्रेट लांब दमाच्या कामात ऑक्सिजन थोडा काटकसरीने वापरायला मदत करते. ५०० मि.लि. ताजा रस, त्यासाठी साधारण किलोभर बीट, शर्यतीच्या दोन-तीन तास आधी. आधीचे पाच-सहा दिवसही रोज घेतला तर बरे. बीट उकळून ते पाणी फेकून देऊ नका, नायट्रेट पाण्यात उतरते. जिथे बहुतेक जण चुकतात ती गोष्ट तोंडातली आहे. नायट्रेटचे पुढचे रूप जिभेवरचे जिवाणू करतात, आणि जंतुनाशक माउथवॉशने ते मरतात. त्या आठवड्यात माउथवॉश वापरले तर रस पिऊन काही उपयोग नाही. आणि दुसऱ्या दिवशी लघवी लालसर दिसली तर दचकू नका, तो बिटाचा रंग आहे. बीट बंद करूनही दोन दिवसांनी तसाच दिसला, तर मात्र तपासून घ्या.